तलफ आली की सायकल काढा

प्रश्न : रोज दहा सिगारेटी ओढतो. सोडायच्या म्हणून सायकल घेतली, पण पाच मिनिटांत धाप लागते, गुडघेही दुखतात. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक सीट खाली आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. तेवढी सीट वर घ्या. गिअर हलका ठेवा. पहिले दोन आठवडे २० मिनिटं पुरे, तीही बोलता येईल इतक्याच वेगानं. निघण्याआधी सिगारेट नकोच : धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून दम लवकर जातो. तलफ साधारण ३ ते ५ मिनिटं टिकते. चहानंतर हात खिशाकडे जातो ना, नेमकी तीच वेळ सायकलला द्या. छातीत दुखलं तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.