ऐतिहासिक कादंबऱ्यांवर बोलायला माणसं कुठं शोधायची? आधी इतिहासवाली शोधू नका

तुमचा प्रश्न असा की ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर वाचता पण बोलायला कोणी नाही, आणि ऑनलाइन बोलायला गेलं की पाचव्या मिनिटाला भांडण. मी कोल्हापूरचा, आणि यातलं सगळं भोगून झालंय, म्हणून सांगतो.

आमच्या जिल्ह्यात खरं तर असली अडचण यायलाच नको. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, विश्वास पाटील नेर्ल्याचे. इथं ज्याच्या घरात दोन पुस्तकं असतात त्यातलं एक ऐतिहासिक असतंय. तरी पहिला प्रयत्न आमचा पार फसला. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, शोधून शोधून इतिहासाची आवड असणारेच घेतले, दोन महिन्यांत पंचेचाळीस जण झाले, आणि पुस्तकावर बोलणं झालं असेल चार वेळा. बाकी सगळं तिथी का तारीख, अमका सरदार पराक्रमी का फितूर, आणि एका दादानं तर आमच्या घराण्याचं नाव कादंबरीत का नाही म्हणून मलाच झापलं, जशी काय ती मीच लिहिली होती. शेवटी ॲडमिन लेफ्ट झाला, म्हणजे मीच.

आता आम्ही आठजण आहोत. दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ, शिवाजी पेठेत एका मित्राच्या गॅरेजची माडी, खाली गाड्या धुवायचा आवाज आणि वर आम्ही. यात इतिहासवाले फक्त एक, रिटायर्ड सर. बाकी गॅरेजवाला मित्र, एक नर्स मॅडम, इंजिनिअरिंगची एक पोरगी, असेच सगळे. आणि मजा तिथनंच सुरू झाली, कारण प्रत्येकजण आपापल्या धंद्याच्या डोळ्यांनी वाचतो.

माझंच सांगतो. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, मोल्डिंगला, म्हणजे धातू ओतायचे साचे करायला. एका महिन्याला वाचायला ठरवलेल्या कादंबरीत प्रसंग होता, रात्री तोफ ओतली आणि पहाटे बुरुजावर चढवून डागली. लिहिलंय भारी, अंगावर काटा येतो. पण मी तिथंच अडकलो. अहो आमच्याकडं दीड-दोन टनाचा जॉब ओतला तरी दुसऱ्या दिवशी साचा उघडायला हात लावू देत नाहीत, वरनं गार दिसतोय पण आत लाल असतोय. साचा जरा ओला राहिला तर वितळलेल्या धातूचा रस पडल्या पडल्या वाफ धरते आणि सगळं माणसांच्या अंगावर येतं. विजापूरची मलिक-ए-मैदान बघा, 1549 ला अहमदनगरला ओतलेली, वजन 55 टनांच्या आसपास. एवढा रस म्हणजे किती भट्ट्या पेटवल्या असतील, आणि सगळ्यांचा रस एकदम तयार पाहिजे, नाहीतर आधीचा थिजतो आणि मागनं आलेला त्याला धरत नाही, कोल्डशट म्हणतो आम्ही त्याला. तशी तोफ पहिल्याच बाराला आपल्याच माणसांना खायची.

मी हे सगळं हातवारे करून सांगितल्यावर सर म्हणाले, मग काय लेखकानं खोटं लिहिलं म्हणायचं का? तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, नाही काका, त्याला एकच रात्र पाहिजे होती. गोष्टीला पाहिजे होती. आणि मग तिनंच पुढं टाकलं, की चार दिवस तोफ गार व्हायची वाट बघत बसलेली माणसं, खाली वेढा पडलेला, कोणी सारखं जाऊन साच्याला हात लावून बघतंय, हे जास्त भारी नसतं का झालं? त्यावर दीड तास गेला. तारीख एकदाही निघाली नाही.

नर्स मॅडमचं वेगळंच. थोरल्या माधवरावांवर वाचत होतो, क्षयानं 1772 ला थेऊरला गेले, वय फक्त 27. आम्ही सगळे रमाबाईंच्या सती जाण्यावर हळवे झालेलो, आणि या विचारतात, इतके महिने उशाशी बसणाऱ्या बाईला खोकला कसा नाही लागला? वाड्यात अजून कोणाकोणाला झाला असेल? लेखकाला सुचलंच नाही ते. क्षयाचा जंतू सापडला 1882 ला, म्हणजे त्या काळात हा रोग जंतूनं पसरतो हे कोणालाच माहीत नव्हतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा ते प्रकरण मी घरी येऊन परत वाचलं.

आता भांडणाचं. भांडण होतंच, पण आमच्यात एक सवय लागलीय, कोणी ठासून काही बोललं की बाकीचे विचारतात, कुठं वाचलंस? कादंबरीत वाचलं असेल तर तसं सांगायचं, बखरीत असेल तर तसं. लाज वाटून घ्यायची नाही. मी स्वतः कितीतरी गोष्टी खऱ्या इतिहासातल्या म्हणून सांगत आलो होतो ज्या मुळात कुठल्यातरी कादंबरीतल्या संवादातनं डोक्यात बसल्या होत्या, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं!

‘ध चा मा’ वरनं असंच झालं. 1773 चा नारायणरावांचा खून, आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, हे तर शेंबड्या पोराला माहिती. सरांना मोडी येते. त्यांनी भडंगाच्या कागदी पिशवीच्या मागं आधी आडवी रेघ ओढली, मग पेन न उचलता तिला अक्षरं लटकवत नेली, आणि म्हणाले, घ्या, करा ध चा मा. आठजणांनी बॉलपेननं आठ वेळा प्रयत्न केला, खाडाखोड झाली नुसती. गॅरेजवाला म्हणाला, माझं अक्षर बघून गारद्यांनी उलट मलाच धरलं असतं. यानं काही सिद्ध होत नाही हे आम्हालाही कळतंय, पण ती पिशवी अजून माडीवर खिळ्याला अडकवलेली आहे.

माणसं कशी शोधायची म्हणाल तर गावातल्या वाचनालयात जा. आमच्याकडं करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं. नर्स मॅडम तिथंच भेटल्या, मला पाहिजे होतं ते पुस्तक त्यांच्या हातात होतं आणि सोडत नव्हत्या. आठ-दहाच्या वर माणसं घेऊ नका. हजार पानांचं पुस्तक पहिल्या महिन्याला लावू नका, निम्मे गळतात. कोणाकडनं तरी दोन पानं मोठ्यानं वाचून घ्या, संवाद नाटकी आहेत का ते लगेच कानाला कळतं. आणि पन्हाळ्यासारखं ठिकाण जवळ असेल तर एकदा पावसात जाऊन या. आम्ही नुसतं मसाई पठारापर्यंत चाललो तर बूट चिखलात अडकले, तेव्हा 1660 च्या त्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन पळणाऱ्या भोयांचा विचार पहिल्यांदा डोक्यात आला.

पुढच्या महिन्यात ताराराणी आहेत. मॅडमना तरुणपणीच्या लढाया नकोतच, त्यांना पानिपत झालेल्या वर्षातली, 1761 मधली, 86 वर्षांची म्हातारी वाचायचीय. माझं अजून पहिलं पान उघडलेलं नाही, कारण पुस्तक परत त्यांच्याकडंच आहे.