लॉन पिवळं पडलं की आधी औषध कशाला? वाचकांचे प्रश्न

बंगल्यापुढे हजार स्क्वेअर फूट मेक्सिकन लॉन आहे. माळीकाका महिन्यातून एकदा येतात, पार जमिनीलगत कापतात, मग आठ दिवस सगळं पिवळं. मेंटेनन्सवाला म्हणतो औषध मारावं लागेल. (नाशिक)

नाही हो, औषध कशाला, पिवळं दिसतंय तो गवताचा खालचा दांडा आहे, हिरवं सगळं कापून नेलं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशच काढायचं, म्हणजे दीड इंचावर ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की मशीन फिरवायचं. पावसाळ्यात त्यासाठी दहा-पंधरा दिवसांनी यावं लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत महिनाभर नाही आले तरी चालतं, कारण हे उन्हाळी गवत आहे, नाशिकच्या थंडीत ते वाढतच नाही, थोडं फिकट पण पडतं. म्हणून वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट करताना सरसकट महिन्याला एक फेरी मान्य करू नका, तेवढ्याच पैशात पावसाळ्यात जास्त आणि थंडीत कमी असं ठरवून घ्या. अजून एक, कापल्यावर दुसऱ्या दिवशी खाली बसून पात्यांची टोकं बघा. सरळ कापलेली असतील तर ठीक, चिंध्या होऊन पांढरट पडली असतील तर मशीनच्या ब्लेडला धार नाही.

सप्टेंबरपासून लॉनमध्ये तपकिरी चट्टे पडलेत. पाणी वाढवलं, युरिया टाकला, चट्टे वाढतायत. (सातारा)

चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं सगळं उचलून हातात आलं तर मुळं कुणीतरी खाल्लीत, आणि आपल्याकडे तो कुणीतरी बहुतेक वेळा हुमणी असते. खाली चार इंच उकरलं की पांढरी जाड अळी, तपकिरी डोकं, इंग्रजी सी सारखी वाकडी पडलेली दिसेल. ऊसवाल्यांना विचारा, ते एका नजरेत ओळखतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात आणि नंतर मातीत अंडी घालतात, तेव्हा दोन-तीन आठवडे फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढचा बराच त्रास वाचतो. आत्ता मात्र अळ्या वेचा, कृषी सेवा केंद्रातून मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी आणा, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या मातीवर पसरा. रिझल्ट लगेच दिसणार नाही, धीर धरा. कच्चं शेणखत नको, त्यातूनच अळ्या लॉनमध्ये येतात. आणि युरिया तूर्त बंद, मुळंच नाहीत तर तो घेणार कोण?

लॉनमध्ये लव्हाळ्याचं तण आहे, उपटून उपटून हात दुखले. एकजण म्हणतो ग्लायफोसेट हे तणनाशक मारतो, गॅरंटी. (कोल्हापूर)

गॅरंटी खरी आहे, लव्हाळ्याबरोबर लॉन पण मरेल! शिवाय 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढलीये की हे पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं, त्यामुळे पंप खांद्याला लावून कुणीही आला आणि मारून गेला असं नको. लव्हाळा वरून ओढला की पात तुटते आणि खालच्या गाठींची माळ तशीच राहते, त्यातून परत फुटतो. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढा, दर आठवड्याला, न कंटाळता. एका सीझनमध्ये संपणार नाही हे मात्र आधीच सांगतो.

उन्हाळ्यात रोज पाणी द्यावंच लागतं का? (पुणे)

रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी सकाळी लवकर, पण खोल मुरेल इतकं. हजार स्क्वेअर फुटाला एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ 2,360 लिटर, टँकर मागवत असाल तर हा हिशेब लॉन लावायच्या आधी करायचा असतो.

आंब्याखाली लॉनच्या लाद्या (मातीसकट तयार गवत) दोनदा बसवल्या, दोनदा गेल्या. (रत्नागिरी)

तिसऱ्यांदा बसवू नका. मेक्सिकनला निदान चार-पाच तास ऊन लागतं. तिथे सिंगोनियम किंवा स्पायडर प्लांट लावा, नाहीतर आंब्याचा पाला पडतो तसाच पडू द्या.