नवऱ्याच्या नोकरीसाठी पुणं सोडून जर्मनीला जायचंय, पण मन तयार होत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला श्टुटगार्टमध्ये नोकरी मिळाली, त्याचं ब्लू कार्डचं (उच्चशिक्षितांना युरोपात राहून नोकरी करायचा परवाना) काम होत आलंय, तुमची अकाउंट्समधली बारा वर्षांची नोकरी सुटणार, लेक आठ वर्षांची आहे, आणि लोक "नशीब काढलंस" म्हणाले की तुम्हाला रडू फुटतं. मी २०१९ मध्ये नाशिकहून त्याच शहरात अशीच गेले, शाळेतली नोकरी सोडून. मलाही तेच म्हणत होते सगळे. पेढेसुद्धा मीच वाटले होते!

एक गोष्ट आधी बोलून घ्या, नवऱ्याशीच. देश दोघांचा बदलतो, पण सोमवारी सकाळी त्याला जायला जागा असते. तुम्हाला नसते. तो संध्याकाळी थकून येतो, तुम्ही दिवसभर कोणाशी बोललेला नसता, आणि मग भांडण होतं ते दुधाच्या पिशवीवरून. आमचं झालं. तिथे रविवारी दुकानं बंद असतात, आणि शनिवारी दूध आणायचं कोणी हे ठरलेलं नव्हतं, एवढंच कारण.

आता माझा मूर्खपणा ऐका. तिथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. मी माहेरचं आडनाव लावते आणि पेटीवर लावलं होतं फक्त ह्यांचं. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. तो नोंदवला की कर क्रमांक पोस्टाने येतो. बँकेचं कार्ड पोस्टाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं कार्डही पोस्टाने. ह्यांचं सगळं आलं, माझं काहीच नाही. महिनाभर मला वाटत होतं की माझ्याच कागदांत खोट आहे. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी पेटीवर बोट ठेवून दाखवलं. दोन्ही आडनावं पहिल्या दिवशी लावा, बेलवरसुद्धा.

ह्याच आजींनी मला 'केअरवोखऽ' शिकवलं. श्टुटगार्टकडची ही खास पद्धत: जिन्याचा केर काढायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जाते, आणि पाळी आली की दाराला पाटी लटकते. केअर म्हणजे झाडणं, म्हणजे आपला केरच की! हे त्यांना सांगायला मला जर्मन येत नव्हतं याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

कारण भाषा मी शिकलेच नव्हते. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, परीक्षेची अट नाही, आणि कामाची परवानगी पहिल्या दिवसापासून असते. आम्ही म्हटलं, बरं झालं, सुटलो. परवानगी होती हो, पण मुलाखतीत तोंड कुठल्या भाषेत उघडणार? तुमच्या अकाउंट्सच्या कामाला तर जर्मन लागणारच, तिथला हिशेब आणि कर सगळा त्याच भाषेत. म्हणून निघायच्या आधी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात नाव घाला. तिथे गेल्यावर फोक्सहोखशूलऽचे, म्हणजे मोठ्या माणसांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्राचे, वर्ग असतात, किंवा बाहेरून आलेल्यांसाठीचा सरकारी इंटिग्रेशन कोर्स: ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या ओळखीचे. मी दुसऱ्या वर्षी गेले. पहिल्याच वर्षी जायला हवं होतं.

आणि घाबरू नका, मराठी माणसाला जर्मन इंग्रजीवाल्यांपेक्षा थोडी सोपी जाते. त्यांच्यातही तो, ती, ते आहे. 'तू' आणि 'तुम्ही' आहे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, तेही तसंच बोलतात. फक्त सूर्य त्यांच्याकडे 'ती' आहे, आणि डिसेंबरात ती साडेचारलाच मावळते. पहिला हिवाळा जड जातो. अंधार पडला की मी पांघरुणात शिरायचे, ते चूक होतं. वर्ग असो, वाचनालय असो, संध्याकाळी घराबाहेर पडायचं निमित्त ठेवा.

लेकीबद्दल विचारलंत. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि पुढची कुठली शाळा हे चौथीतच ठरायला लागतं. म्हणून आठव्या वर्षी जाणं दहाव्यापेक्षा बरं. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात, शाळेत त्याबद्दल आधी विचारा. माझा मुलगा सुरुवातीला शाळेत गप्प गप्प असायचा आणि घरी आला की माझ्यावर ओरडायचा. वर्षभरात तो माझ्या चुका काढायला लागला. मराठीचं मात्र घरात भांडून टिकवावं लागतं. आजीशी रोज फोन हाच आमचा मराठीचा तास. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार, म्हणून तिकडे दुपारी चारच्या आत लावा, नाहीतर आजी झोपलेली असते.

पैशांचं थोडक्यात. भाड्याच्या घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागतात, आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळ, ओटासुद्धा नाही, तेव्हा जाहिरात नीट वाचा. इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही.

राजीनाम्याबद्दल: साहेबांना बिनपगारी रजेचं विचारून तर बघा. मी विचारलंच नव्हतं.

कुकर न्यालच. फक्त बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते बघून घ्या. माझा चिकटत नव्हता आणि घरात निघाली इंडक्शनची शेगडी. पहिले पंधरा दिवस आम्ही पावावर काढले.