‘मेला’ आणि ‘मरायलो’

नांदेडच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : व्हिडिओ गेमवर लिहिताना ‘नॅरेटिव्ह’ला ‘कथानक’ म्हटलं तर चालेल का, की ‘कथन’च हवं?

कथानक म्हणजे घटनांची गुंफण, कथन म्हणजे ती सांगणं. नॅरेटिव्हमध्ये दोन्ही येतं, म्हणून ‘कथन’ बरं. साहित्याचे अभ्यासक तोदोरोव्ह यांनी १९६९मध्ये गोष्ट सांगण्याच्या ज्या अभ्यासाला ‘नॅरेटॉलॉजी’ नाव दिलं, त्याला आपण कथनमीमांसा म्हणतोच.

पण गेमची खरी अडचण मला भाच्याच्या तोंडून कळली. सुट्टीत लातूरला आला होता, मोबाईलवर टेम्पल रन हा पळण्याचा गेम चालू. जेवायला हाक मारली तर म्हणतो, “थांबा की मामा, मरायलो ना मी!”

पुण्याकडे ‘मरतोय’ म्हणतील, आपल्याकडे मरायलो, खेळायलो, जायलो. गोष्टीतला माणूस ‘मेला’ : तृतीयपुरुष, भूतकाळ. गेममधला ‘मरायलो’ : मी, आणि आत्ता. कीर्तनकारही रंगात आले की “आणि रावण येतो” असं वर्तमानात सांगतात. पण पुढे काय होणार ते मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाच्याला पुढच्या वळणावर काय आहे ते ठाऊक नव्हतं. गेमचे अभ्यासक येस्पर यूल यांनी २००१मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला : कथनात घडून गेलेलं सांगितलं जातं, खेळाचा काळ मात्र ‘आत्ता’चा. कथन आणि खेळ एकाच वेळी पूर्णपणे चालू शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

गेमला गोष्ट न मानता खेळ म्हणूनच पाहणाऱ्या या बाजूच्या अभ्यासाला ‘लुडॉलॉजी’ म्हणतात. गेमचेच अभ्यासक गोंझालो फ्रास्का यांनी १९९९मध्ये हा शब्द पुढे आणला. ‘क्रीडाशास्त्र’ लिहू नका, लोकांना जिल्हा क्रीडा संकुल आठवेल. ‘खेळमीमांसा’ चालेल. दुसऱ्या टोकाला, गेममध्येही गोष्ट शोधणाऱ्या अभ्यासक जॅनेट मरे : टेट्रिसच्या पडत्या ठोकळ्यांत त्यांना कामाच्या रगाड्यात पिचलेल्या अमेरिकी माणसाचं आयुष्य दिसलं. मला ते ओढूनताणून वाटतं. ठोकळे रचताना मला कधी ऑफिस आठवलेलं नाही.

गंमत म्हणजे हे भांडण मिटवणारा शब्द आपल्याकडे तेराव्या शतकापासून आहे. लीला म्हणजे खेळ. आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांची एकेक सांगितलेली आठवण म्हणजे एकेक लीळा. खेळ तोच, गोष्टही तीच. अर्थात प्रबंधात ‘लीळा’ लिहिलं तर मार्गदर्शक भुवया उंचावतील.

तेव्हा असं करा. कटसीन, म्हणजे खेळ थांबवून मधेच दाखवतात तो गोष्टीचा तुकडा, पोरं “स्टोरी स्किप कर” म्हणतात ते, ‘कथन’. गेम बनवणाऱ्याने आधी रचून ठेवलेलं ‘कथानक’. आणि बोटं चालू असताना जे घडतं त्याला सरळ ‘खेळणं’ म्हणा.

त्या दिवशी भाचा ताटावर बसला आणि सांगू लागला, “मामा, मी उडी मारली, मंग वळायला उशीर झाला, मंग मेलो.” ते मात्र कथन.