लघवीची तपासणी टाळू नका
टाइप २ मधुमेहाचं निदान नुकतंच झालंय ना? मग मूत्रपिंडासाठी लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी (अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून किती जातंय, ते यात कळतं) आत्ताच करा, नंतर दरवर्षी. मी काही वर्षं फक्त रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) बघत राहिलो. ते नॉर्मल होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण मूत्रपिंडाचं बरंच नुकसान होईपर्यंत ते वाढत नाही. लघवीतून प्रथिनं जाणं त्याआधीच कळतं. या गुणोत्तराचा आकडा ३० (मिग्रॅ/ग्रॅम) च्या वर आला तर घाबरू नका, तपासणी पुन्हा करून खात्री करा. ताप किंवा जंतुसंसर्गानेही तो तात्पुरता वाढतो.

साखरेइतकाच रक्तदाब सांभाळा. आणि कृपा करून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाला जपणारी औषधं आज आहेत, त्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.