वाचकांचे प्रश्न : पंचायतीपासून संसदेपर्यंत

प्रश्न : आमच्या भागातील एक कार्यकर्ते दोन वेळा जिल्हा परिषदेवर निवडून आले. काम चोख आहे, तरी विधानसभेची उमेदवारी प्रत्येक वेळी दुसऱ्यालाच मिळते. सरपंच किंवा नगरसेवक म्हणून सुरुवात करून दिल्लीपर्यंत पोहोचणे आजही शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू १९९७ मध्ये ओडिशातील रायरंगपूर नगर पंचायतीत नगरसेविका होत्या. २००० मध्ये त्या आमदार झाल्या, पुढे झारखंडच्या राज्यपाल आणि २०२२ मध्ये राष्ट्रपती. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग जिल्हा परिषद, लातूर पंचायत समितीचे उपसभापतिपद, १९८० मध्ये विधानसभा, दोनदा मुख्यमंत्रिपद आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळ असा त्यांचा प्रवास झाला. गावचा कारभार पाहिलेल्या या माणसाकडे २०११ मध्ये काही महिने देशाचे ग्रामविकास खाते होते. मनोहर जोशी मुंबईचे महापौर होते आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले.

मात्र या तिघांच्याही वाटेत विधानसभा लागते, आणि आपल्या परिचिताची अडचण नेमकी तिथेच आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा आहेत, म्हणजे एका खासदाराच्या मतदारसंघात सहा आमदारांचे मतदारसंघ येतात. जिल्हा परिषदेचा एक गट, म्हणजे तिच्या एका सदस्याचा मतदारसंघ, हा त्यांपैकी एकाचाही लहानसा तुकडा असतो. आपल्या गटात ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याला शेजारच्या तालुक्यात कोणी ओळखतही नाही, आणि उमेदवारी ठरवणारे त्याचे काम मोजण्याऐवजी त्याच्यामागे गटाबाहेर कोण उभे राहील हे मोजतात. साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था यांना आपल्या राजकारणात एवढे महत्त्व आले ते यामुळेच. त्यांचे सभासद, कर्मचारी आणि संचालक अनेक गावांत पसरलेले असतात, आणि मतदानाच्या दिवशी हीच माणसे बूथवर बसतात. ज्याच्या हाती यांपैकी काहीच नाही, त्याने निदान विषय समितीचे सभापतिपद मिळवावे असे मला वाटते. बांधकाम, शिक्षण किंवा आरोग्य समितीच्या निमित्ताने जिल्हाभर फिरता येते आणि दुसऱ्या तालुक्यातील माणसांची कामे करता येतात.

विधानसभेत न जाताही संसद गाठलेल्या सुमित्रा महाजन यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. चिपळूणच्या या कन्या १९८२ मध्ये इंदूर महापालिकेत नगरसेविका झाल्या, नंतर उपमहापौर, आणि १९८९ मध्ये माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव करून थेट लोकसभेत गेल्या. ही निवडणूक धरून त्या सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. इंदूर मतदारसंघाचा मोठा भाग शहरातच असल्यामुळे महापालिकेतील ओळख त्यांना लोकसभेलाही उपयोगी पडली असावी. ग्रामीण मतदारसंघात अशी सोय नसते.

येथे आपल्या महापौरांना नसलेल्या अधिकारांबद्दल कळकळीने लिहावेसे वाटते. इस्तंबूलचे महापौरपद १९९४ मध्ये मिळवणारे एर्दोगान पुढे तुर्कस्तानचे पंतप्रधान आणि मग राष्ट्राध्यक्ष झाले. सुराकार्ता शहराचे महापौर जोको विडोडो जकार्ताचे गव्हर्नर आणि २०१४ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, शहर चालवून दाखवण्याची संधी त्यांना मिळाली होती आणि मतदारांना त्यावरून त्यांची पारख करता आली. आपल्या महापौराची मुदत अडीच वर्षांची, पद आरक्षणाच्या सोडतीने ठरणारे, आणि कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे. पैशाचे निर्णय स्थायी समितीत होतात, पण तिच्या अध्यक्षाचे नाव सामान्य मतदाराला माहीतही नसते. अशा स्थितीत कोणी कितीही कर्तबगार असला तरी त्याने शहरासाठी काय केले हे लोकांना दिसणार कसे? त्यातही निवडणुकाच लांबल्या, तर पुढची पिढी घडण्याची जागाच बंद होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार होता. हे नुकसान फक्त त्या शहराचे झाले असे मी मानत नाही. विधानसभेला आणि संसदेलाही अनुभवी माणसे येथूनच मिळायची असतात.

प्रश्न : ग्रामपंचायतीला उभे राहण्याच्या अटी आणि लोकसभेच्या अटी यांत फरक काय?

उत्तर : वय पहिला फरक. स्थानिक संस्थांसाठी २१ वर्षे पूर्ण हवीत, विधानसभा व लोकसभेसाठी २५ आणि राज्यसभेसाठी ३०. ग्रामपंचायतीला त्या गावच्या मतदार यादीत नाव लागते. लोकसभेला देशातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार सर्वसाधारण जागेवर कोठूनही उभा राहू शकतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांमुळे अपत्यसंख्या दोनपेक्षा अधिक झाली, तर स्थानिक निवडणुकीस अपात्र ठरवले जाते, आणि तीच व्यक्ती लोकसभा मात्र लढवू शकते. सरपंचाला एक नियम आणि खासदाराला दुसरा, हे मला न्याय्य वाटत नाही.

प्रश्न : मी महिला आरक्षणातून पंचायत समितीची सदस्य झाले. पुढच्या वेळी माझा गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) खुला होईल अशी चिन्हे आहेत, आणि आता पुरुष उमेदवारालाच उभे करू असे पक्षातील मंडळी म्हणतात. मी थांबावे का?

उत्तर : थांबू नये. गण खुला झाला म्हणजे तो पुरुषांसाठी राखीव झाला असे नाही. सर्वसाधारण जागेवर आपल्यालाही तेवढाच हक्क आहे, आणि पक्षाच्या बैठकीत हे आपण स्वतः बोलून दाखवावे. आरक्षण फिरते राहिल्याने नव्या स्त्रिया येतात, हे खरे; पण पाच वर्षांत शिकलेली बाई सहाव्या वर्षी घरी बसते, हा त्याचा मोठा तोटा आहे. लोकसभा व विधानसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, मात्र तिच्या अंमलबजावणीला जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेची अट त्याच दुरुस्तीत घातली गेली. त्या जागांवर नेत्यांच्या घरातील स्त्रिया उभ्या राहणार की कारभार केलेल्या, हे आपल्यासारख्या सदस्या तोपर्यंत टिकतात की नाही यावर बरेचसे ठरेल.

गण हातचा गेलाच, तर शेजारच्या गणातून किंवा जिल्हा परिषदेच्या गटातून अर्ज करता येतो का ते पाहावे. मतदार यादीबाबतची अट तहसील कार्यालयात आधीच विचारून घ्यावी. मुदत संपण्यापूर्वी आपल्या काळातील ठराव, मंजूर झालेली कामे आणि खर्च यांच्या प्रती कार्यालयातून मागून घ्याव्यात. उमेदवारीच्या मुलाखतीत आपण काय केले असे विचारतील, तेव्हा ती कागदपत्रे समोर ठेवता येतील.