युनिट टेस्ट न लिहिणारा प्रोग्रामर खरा प्रोग्रामर नसतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षं नोकरी, शाळेच्या फीच्या सॉफ्टवेअरवर काम, युनिट टेस्ट, म्हणजे आपल्या कोडचा एक लहान भाग बरोबर उत्तर देतो का हे आपोआप तपासणारा कोड, आजवर एकही लिहिलेली नाही, उशिरा फी भरली की दंड काढणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, कसं टेस्ट करायचं हे तुम्ही स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या इंग्रजी प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारलंत तर कोणी म्हणालं टेस्ट न लिहिणारा डेव्हलपरच नाही, कोणी म्हणालं हे अगदी बेसिक आहे आधी वाचून या, आणि पंधरा मिनिटांत प्रश्न बंद. आता इथे विचारताय की टेस्ट शिकायलाच पाहिजेत का, आणि परत तिकडे विचारायला जायचं का.

शिका, नक्की शिका. पण त्या लोकांना दाखवून द्यायला शिकू नका. मला टेस्टचं महत्त्व कुणी पटवलं ते सांगतो.

२०१४ साली मी सांगली जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो, छोटी कंपनी, आम्ही चौघंच. काम ऐकायला सोपं आहे, उत्पादक कॅन घेऊन येतो, मशीन फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, सांगतं, दरपत्रकात बघायचं, लिटरने गुणायचं, पावती छापायची, दहा दिवसांनी बिल. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात आणि तिथून वर-खाली दर बदलतो, आमच्या त्या दरपत्रकात फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैसे होते. तर एका केंद्रावर एक आजोबा आले, हातात वही, त्यात रोजची फॅट आणि लिटर पेनाने लिहिलेले. म्हणाले, मशीनवर चार-पस्तीस दिसली की दर चार-चारचा पाहिजे, तुमचा कॉम्प्युटर चार-तीनचा लावतोय. केंद्राचा नियमच तसा होता, अर्धा पॉइंट आला की वरचा धरायचा. आधीच्या दोन खेपेला त्यांना "कॉम्प्युटर चुकत नसतो" असं सांगून परत पाठवलं होतं.

मी वही घेऊन बसलो. दहा दिवसांत तीन वेळा ४.३५ लागली होती, प्रत्येक वेळी १८ लिटर, म्हणजे १६ रुपये २० पैसे कमी. कोड जावामध्ये होता आणि मी फॅट फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे दशांशाचे आकडे अंदाजे साठवणाऱ्या फ्लोट प्रकारात, घेऊन शंभरने गुणून पूर्णांक करत होतो. ४.३५ हा आकडा कॉम्प्युटरला बायनरीत नेमका लिहिता येत नाही, तो किंचित खाली पडतो, शंभरने गुणलं की ४३५ च्या जागी ४३४.९९९९ असं काहीतरी येतं, आणि पुढचं कापून पूर्णांक केला की राहतात ४३४. मग जवळचा पॉइंट काढला की ४.३. बाकी बहुतेक आकडे बरोबर यायचे म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तालुक्यात किती केंद्रांवर किती जणांचे असे पाच-पाच रुपये गेले असतील हे त्या रात्री डोक्यातून जाईना.

त्या रात्री मला टेस्ट लिहायची होती आणि लिहिता येत नव्हती. कारण दर काढणं, डेटाबेसमध्ये टाकणं आणि पावती छापणं हे सगळं एकाच दोनशे ओळींच्या फंक्शनमध्ये होतं, नुसता दर तपासायचा म्हटलं तरी प्रिंटर जोडायला लागायचा. मी ऑनलाइन एका ठिकाणी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. उत्तरं आली ती अशी, डेटाबेसला हात लावला की ती युनिट टेस्टच नाही. पैशाच्या हिशोबात फ्लोट वापरणाऱ्याने हे क्षेत्र सोडावं. प्रश्नात तीन प्रश्न आहेत, एकच विचारा. आणि बंद. पण बंद व्हायच्या आधी एका माणसाने दोन ओळी लिहिल्या होत्या, हिशोब तेवढा वेगळ्या फंक्शनमध्ये काढ, त्यात फक्त फॅट आत जाईल आणि दर बाहेर येईल, बाकी काही नको. त्या दोन ओळींवर मी आजपर्यंत काम करतोय. पहिली टेस्ट लिहिली, आत ४.३५, बाहेर ४.४ अपेक्षित. लाल आली, म्हणजे नापास. मग मशीनकडून आलेला आकडा अक्षरांच्या रूपात तसाच घेऊन बिगडेसिमलमध्ये, म्हणजे दशांश नेमका ठेवणाऱ्या प्रकारात, नेला, टेस्ट हिरवी झाली, म्हणजे पास. आजोबांना फरक पुढच्या बिलात मिळाला.

यात लक्षात घेण्यासारखं हे आहे की तिथे चुकीचं कोणीच बोललं नव्हतं. पैशासाठी फ्लोट वापरू नये हे खरंच आहे, माझा बगच तो होता! पण बरोबर बोलणं आणि समोरच्याला एक पायरी वर घेणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर पार करायची तसदी फक्त एकाने घेतली.

आता "खरा डेव्हलपर" बद्दल. हे इतक्या ठामपणे बोलणाऱ्यांना विचारा की युनिट म्हणजे नक्की काय, फंक्शन की क्लास, म्हणजे संबंधित फंक्शनांचा गट, की एक पूर्ण वागणूक, आणि बघा त्यांच्यात्यांच्यातच वाद लागतो. एक मत असं की ज्याची टेस्ट आहे त्याच्या आजूबाजूचं सगळं खोटं उभं करायचं म्हणजे मॉक करायचं, दुसरं मत असं की खरे भाग एकत्र चालू देत, फक्त डेटाबेस, नेटवर्क असलं जड काही असेल तेवढंच बाजूला ठेवा. दोन्हीकडे तीस-तीस वर्षं काम केलेली माणसं आहेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण मॉकने भरलेल्या टेस्ट मी खूप पाहिल्यात ज्यात खरा हिशोब चालतच नाही आणि सगळं हिरवं दिसतं.

आणि ज्यांच्या नावाने हे नियम सांगितले जातात ती माणसं स्वतः किती मोकळी आहेत ते बघा. केंट बेक आणि एरिक गॅमा या दोन प्रोग्रामरांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात शेजारी बसून जेयुनिट हे जावाचं टेस्टचं साधन लिहायला घेतलं, आज जवळपास प्रत्येक भाषेतल्या टेस्टच्या साधनात त्याचा वारसा दिसतो. त्याच केंट बेकने २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर टेस्ट किती खोल लिहाव्यात या प्रश्नाला दिलेलं उत्तर असं होतं की मला पैसे चालणाऱ्या कोडचे मिळतात, टेस्टचे नाही, त्यामुळे खात्री वाटायला जेवढ्या लागतात तेवढ्याच लिहितो, आणि ज्या प्रकारची चूक माझ्याकडून सहसा होत नाही तिची टेस्ट लिहीत नाही. २०१४ मध्ये रेल्स या वेबसाइट बनवायच्या साधनाचा निर्माता डेव्हिड हाइनमायर हॅन्सन याने तर टीडीडी, म्हणजे आधी टेस्ट आणि मग कोड ही पद्धत, मेली असं जाहीर लिहिलं, त्यावर तो, केंट बेक आणि सॉफ्टवेअरवर पुस्तकं लिहिणारा मार्टिन फाउलर असे तिघं मे-जूनमध्ये ऑनलाइन बसून अनेक भागांत बोलले, मतं वेगळीच राहिली, पण कोणी कोणाला तू प्रोग्रामर नाहीस असं म्हणालं नाही.

कामाप्रमाणे मापही बदलतं. एसक्यूलाइट हा डेटाबेस तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे, त्याच्या मूळ कोडच्या सुमारे ५९० पट त्यांचा टेस्टचा कोड आहे, आणि ते योग्यच आहे कारण तो अब्जावधी ठिकाणी चालतो. तुमच्या फीच्या सॉफ्टवेअरला तसलं काही नको. कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चालून बघितलेला कोड, ८० टक्के पाहिजे असं मॅनेजर म्हणतात तेव्हा लोक नुसत्या गेटर-सेटरच्या, म्हणजे फक्त आकडा ठेवणाऱ्या आणि परत देणाऱ्या फंक्शनच्या, टेस्ट लिहून आकडा भरतात आणि दंडाचं फंक्शन तसंच उघडं राहतं, हे मी दोन कंपन्यांमध्ये बघितलं.

परत तिकडे जायचं का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मी आता दुसऱ्या बाजूलाही आहे, स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न-उत्तरांबद्दल मिळणारे ३००० पॉइंट झाले की प्रश्न बंद करायला मत देता येतं आणि तीन मतं पडली की प्रश्न बंद, तसं मत मीही देतो. तोच प्रश्न रोज नव्याने आला तर शोधणाऱ्याला चांगलं उत्तर सापडतच नाही, म्हणून डुप्लिकेट बंद करण्याला अर्थ आहे. पण नवीन माणूस एका पॉइंटवर सुरुवात करतो, दुसऱ्याच्या प्रश्नाखाली कमेंट करायला त्याला ५० लागतात, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त विचारायचं असतं त्यालाच बोलायला सगळ्यात कमी जागा. एप्रिल २०१८ मध्ये त्या कंपनीने स्वतःच जाहीर लिहिलं की आमच्याकडे नवीन लोकांना, बायकांना, अल्पसंख्य गटातल्यांना परकं वाटतं आणि हे बदलायला पाहिजे. म्हणजे तुम्हाला जे वाटलं तो तुमचा हळवेपणा नाही. त्यात आपली भाषेची अडचण वेगळी. पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानी भाषांत त्यांच्या स्वतंत्र साइट आहेत, मराठी किंवा हिंदीत नाही. मराठी मीडियममधून आलेल्या मुलाचा प्रश्न अस्पष्ट म्हणून बंद होतो तेव्हा बऱ्याचदा त्याची शंका स्पष्ट असते, वाक्य तेवढं अडलेलं असतं. मी मत द्यायच्या आधी अशा प्रश्नाचं इंग्रजी दुरुस्त करतो, दोन मिनिटं लागतात.

माणसं टेस्टच्या व्याख्येवरून एवढी का अडवतात याचं मला वाटणारं कारण असं की व्याख्या तपासायला काही वाचावं लागत नाही. तुमचा दंडाचा हिशोब बरोबर आहे का हे बघायला शाळेचा नियम समजून घ्यावा लागतो, कोड वाचावा लागतो. "ही युनिट टेस्टच नाही" म्हणायला एक ओळ पुरते.

तर जा परत, पण प्रश्न लहान करून जा. पन्नास ओळींऐवजी दहा ओळींचा कोड, आत काय दिलं, काय यायला पाहिजे होतं, काय आलं, एवढंच. असा प्रश्न लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर सापडतं, आणि बघाल तर तो लिहिणं म्हणजे अर्धी टेस्ट लिहिणंच आहे.

आता तुमचं दंडाचं फंक्शन. तुम्ही टाकलेल्या कोडमध्ये फंक्शन स्वतःच आतमध्ये आजची तारीख घेतंय, म्हणून टेस्ट आज पास आणि उद्या नापास होईल, तुमची मूळ अडचण ही आहे. आजची तारीख भरल्याची तारीख म्हणून बाहेरून पाठवा. देय तारीख आणि भरल्याची तारीख आत, दंडाचे रुपये बाहेर, डेटाबेस नाही, पावती नाही. मग पहिली टेस्ट, देय तारीख १० आणि १० लाच भरली, दंड शून्य. दुसरी, ११ ला भरली, एका दिवसाचा दंड, इथेच "पेक्षा मोठं" आणि "पेक्षा मोठं किंवा समान" यात सगळ्यांची गल्लत होते. तिसरी, २८ फेब्रुवारी देय आणि १ मार्चला भरली, हे २०२३ मध्ये एक दिवस आणि २०२४ मध्ये दोन दिवस यायला पाहिजे, दोन्ही लिहा. तिन्ही मिळून अर्धा तास लागेल. आणि १० तारीख रविवारी आली तर दंड लागतो का हे कोडमध्ये शोधू नका, शाळेच्या ऑफिसात फी घेणाऱ्या क्लार्क मॅडमना विचारा, त्या जे सांगतील ती चौथी टेस्ट. लिहून झाल्या की इथे खाली कमेंटमध्ये टाका, मराठीतच टाका, मी बघतो.